आर्कनाइट्स: वाचायची आवड असेल तर नक्की खेळा

चीनमधल्या हायपरग्रिफचा हा गेम मे 2019 मध्ये तिथे आणि जानेवारी 2020 मध्ये बाकी जगात आला. गेम फुकट आहे आणि पात्रं गाचातून, म्हणजे नशिबावरच्या सोडतीतून मिळतात. अनेक महिने नेमाने खेळल्यावर माझं मत पक्कं झालंय: मोबाइलवर टॉवर डिफेन्स (वाटेवर पहारे बसवून शत्रू रोखायचा खेळ) आणि कथा एकमेकांत इतकी मुरलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. मात्र ज्याला संवाद वाचायचा कंटाळा आहे त्याला यातला अर्धा गेम कळणारच नाही.

इथे टॉवर म्हणजे माणसं, म्हणजेच 'ऑपरेटर'. लाल दारातून शत्रू निघतात आणि निळ्या दाराकडे जातात, त्यांना मध्येच अडवायचं. जवळून लढणारे खालच्या चौकोनांवर उभे राहतात, लांबून मारणारे आणि उपचार करणारे बहुतेक वरच्या. ऑपरेटर उतरवायला डीपी (उतरवण्याचे गुण) लागतात, ते सेकंदाला 1 या गतीने जमतात. डिफेंडर, म्हणजे ढालीसारखा ऑपरेटर, साधारण 3 शत्रू अडवतो, जवळून वार करणारे बरेच गार्ड 1 किंवा 2. अडवण्याच्या क्षमतेपेक्षा एक शत्रू जास्त आला की तो सरळ बाजूने निघून जातो. नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच हरतात आणि खापर फोडतात कमी लेव्हलवर.

दुसरी गोष्ट नुकसानीच्या गणिताची. शारीरिक हल्ल्यात हल्ल्याच्या आकड्यातून शत्रूचा डिफेन्स थेट वजा होतो आणि किमान 5 टक्के नुकसान ठरलेलं असतं. समजा स्नायपरचा हल्ला 500 आहे आणि चिलखती शत्रूचा डिफेन्स 800. मग प्रत्येक गोळीला फक्त 25. त्याच जागी 500 हल्ल्याचा कास्टर, म्हणजे आर्ट्सने (जादूने) मारणारा, ठेवला आणि शत्रूचा आर्ट्स प्रतिकार 20 टक्के असेल, तर प्रत्येक फटक्याला 400. म्हणजे सोळापट फरक. म्हणून स्टेज सुरू करण्याआधी शत्रूंची माहिती उघडून हे दोन आकडे बघायचेच. उडणारे ड्रोन मात्र लांबून मारणाऱ्यांनाच मारता येतात, त्यांना कुणीच अडवू शकत नाही.

ऑपरेटर ठेवताना बोट ओढून दिशा ठरवावी लागते आणि नंतर ती बदलता येत नाही. चुकली तर मागे घ्या: अर्धे डीपी परत मिळतात, पण बहुतेकांना पुन्हा उतरायला सुमारे 70 सेकंद लागतात आणि किंमत आधीपेक्षा निम्म्याने वाढते. सुरुवातीला डीपी अपुरे पडतात, त्यासाठी मर्टल ही 4 ताऱ्यांची (तारे म्हणजे दुर्मीळपणा, जास्तीत जास्त 6) व्हॅनगार्ड सोन्यासारखी आहे. ती स्किल चालू असताना डीपी तयार करते, पण तेवढ्या वेळात कुणाला अडवत नाही, म्हणून तिला दाराच्या तोंडाशी उभं करू नका.

आता कथा. टेरा नावाच्या जगात ओरिजिनियम हे खनिज ऊर्जा देतं आणि त्यातूनच ओरिपथी हा असाध्य रोगही होतो. रोग्याच्या अंगात स्फटिक वाढतात आणि तो मेला की त्याचं शरीरच संसर्गाचं कारण बनतं. समाज बाधितांना इतकं का घाबरतो आणि इतक्या क्रूरपणे का वागवतो, हे त्यातून पटत जातं. प्रत्येक ऑपरेटरच्या फाइलमध्ये वैद्यकीय तपासणीचा अहवाल असतो: पेशींत ओरिजिनियम किती टक्के मिसळलंय, रक्तात स्फटिकांचं प्रमाण किती. आवडत्या पात्राचा तो आकडा वाचला की पोटात कालवतं. फाइलची पुढची पानं विश्वास वाढला की उघडतात आणि विश्वास वाढतो लढाईत सोबत नेल्याने.

पहिली तीन प्रकरणं जड आहेत हे मान्य करायला हवं. नावं भरमसाट, संवाद लांबलेले, मराठी किंवा हिंदी नाहीच, इंग्रजीत वाचावं लागतं. तिथेच 'स्किप' दाबायची सवय लागली की सहाव्या प्रकरणाची मजा गेली. 6-16 मध्ये, म्हणजे सहाव्या प्रकरणाच्या 16 क्रमांकाच्या स्टेजमध्ये, फ्रॉस्टनोव्हा ही मोठी शत्रू येते. ती तुमचे चौकोन बर्फाने बंद करते, ऑपरेटरांना गोठवते आणि एकदा पडल्यावर पुन्हा उठते. ती कोण आहे हे वाचलेल्याला ती पुन्हा उठते तेव्हा जिंकण्याची घाई उरत नाही. या स्टेजमध्ये सगळे चौकोन आधीच भरू नका, चांगले हल्लेखोर तिच्या दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. 7-18 मधला पेट्रिअटही असाच दोनदा मारावा लागतो.

साधनं कुठे घालायची यात बहुतेकांचं नुकसान होतं. 6 तारे बघून एकालाच वाढवत बसू नका. आधी बारा जणांना एलिट 1 (पहिली बढती) करा; 3 ताऱ्यांची क्रूस आणि मेलान्था सुरुवातीला पुष्कळ पुरतात. 6 ताऱ्यांच्या एकाला एलिट 2 (दुसरी बढती) करायला फक्त एलएमडीच (गेममधला पैसा) 1,80,000 लागतात, 4 ताऱ्यांना 60,000. सीई-6 या पैशांच्या स्टेजमध्ये 36 सॅनिटी (स्टेज खेळायला लागणारी ऊर्जा) घालून 10,000 एलएमडी मिळतात आणि सॅनिटी 6 मिनिटांना 1 भरते, म्हणजे दिवसाला 240. हिशोब तुम्हीच करा. बेसमध्ये, म्हणजे ऑपरेटरांना कामाला लावायच्या तळात, 2 ट्रेडिंग पोस्ट, 4 फॅक्टरी, 3 पॉवर प्लांट ही रचना धरली की एलएमडीची बरीच ओढाताण थांबते.

गाचात 6 ताऱ्यांची शक्यता 2 टक्के. 50 ओढींत (एक ओढ म्हणजे एकदा सोडत काढणं) एकही आला नाही तर पुढच्या प्रत्येक ओढीला 2 टक्के वाढ. साध्या बॅनरवर (ठरावीक पात्रांच्या सोडतीवर) ही मोजणी पुढच्या बॅनरला चालू राहते, लिमिटेड, म्हणजे मर्यादित काळाच्या खास बॅनरची मात्र वेगळी असते. लिमिटेडमध्ये हवं ते पात्र नक्की घ्यायला 300 ओढी, म्हणजे 1,80,000 ऑरंडम (ओढींसाठीचं चलन). आठवड्याच्या अ‍ॅनायहिलेशन या लढाईतून जास्तीत जास्त 1,800 मिळतात, म्हणजे एवढ्याच स्रोतावर 100 आठवडे. म्हणून पैसे न घालणाऱ्याने वर्षातून एखाद्याच लिमिटेडवर डोळा ठेवावा. रिक्रूटमेंटमध्ये (टॅग निवडून काही तासांनी ऑपरेटर मिळवायची सोय) 'टॉप ऑपरेटर' टॅग दिसला तर वेळ 9 तासच लावा, कमी लावली तर हातचं जाईल.

स्टेज पूर्ण तीन ताऱ्यांनी जिंकली की ऑटो डिप्लॉय तुमच्याच चाली पुन्हा करतो. पण तो वेळेवर चालतो, परिस्थिती बघून नाही. शत्रूचा वार चुकवणं किंवा जोरदार फटका असं नशिबावरचं टॅलेंट असलेला ऑपरेटर त्या खेळीत असेल तर कधीकधी तीच खेळी फसते. रेकॉर्ड करताना असे ऑपरेटर टाळा आणि अवघड स्टेज आधी प्रॅक्टिस प्लॅनवर, म्हणजे सरावाच्या खेळीत, करून बघा, तिथे सॅनिटी जात नाही. ग्लोबल सर्व्हरचा दिवस भारतात दुपारी 4.30 ला बदलतो, रोजची कामं त्याआधी उरकायची.