दोन एकरांत माडग्याळ की नारी सुवर्णा?

माडग्याळ मेंढी मूळची सांगलीच्या जत तालुक्यातली. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि पोपटासारखं बाकदार नाक. जत्रेत नाक बघून भाव ठरतो, नामी नर लाखांत जातो. पण तो बाजार हौसेचा. बहुतेक मेंढ्या वेताला एकच कोकरू देतात, हे दारात दोन-चार मेंढ्या बांधणाऱ्यानं आधी ध्यानात घ्यावं. कोकरू मात्र झपाट्यानं वाढतं.

नारी सुवर्णा ही मेंढीची जात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत तयार झाली. सुंदरबनच्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं. कागदावर हिशेब झकास. वाड्यात मात्र जुळी वजनानं हलकी. आईला दूध कमी पडलं की बाटली हातात घ्यायची. गाभणपणाच्या शेवटच्या महिना-दीड महिन्यात खुराक वाढवायलाच हवा. घरी दिवसभर माणूस असेल आणि बांधावर मेथीघास, कडवळ असेल, तर मी हीच घेईन. रानोमाळ मेंढरं फिरवणाऱ्याला वाटेत झालेली जुळी सांभाळणं जड जातं, त्याला माडग्याळ बरी.

लोकरीचा विचार दोन्हीकडे सोडा, कातरणीची मजुरीसुद्धा बहुधा निघत नाही.