डीकॉन्फ: कुलूप भक्कम, पण लावणे किचकट
एकच संगणक अनेक जण वापरत असतील, तर नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या सेटिंग्ज गोठवण्यासाठी डीकॉन्फ या त्याच सेटिंग्ज साठवणाऱ्या प्रणालीइतके भरवशाचे साधन मला सापडलेले नाही. ठरवलेली मूल्ये एका फाइलमध्ये आणि अडवायच्या नोंदींची (म्हणजे एकेका सेटिंगची) नावे ‘लॉक्स’ फोल्डरमधील दुसऱ्या फाइलमध्ये, ओळीला एक याप्रमाणे, लिहिली की सामान्य वापरकर्त्याला त्या बदलता येत नाहीत. मात्र त्यानंतर ‘डीकॉन्फ अपडेट’ ही आज्ञा द्यायची राहिली, तर काहीच घडत नाही आणि तशी सूचनाही मिळत नाही. या विसराळूपणात माझी अख्खी दुपार गेली. शिवाय २०२२ मधील नोम ४२ पासून गडद रूपाच्या वॉलपेपरची नोंद स्वतंत्र असल्याने, जुनी एकच नोंद अडवून निश्चिंत होणाऱ्याची फसगत ठरलेलीच.