रविवारी बागेत जायचंय, पण सकाळी की संध्याकाळी?

घरात लहान मूल असेल तर हा वाद शनिवारी रात्री होतोच. एक जण म्हणतो उद्या तरी झोपू द्या, संध्याकाळी जाऊ, दुसरा म्हणतो संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि दोघांचंही बरोबर असतं.

मी दोन्ही करून बघितलंय. मूल सहाच्या आतलं असेल तर सकाळच, आणि सकाळ म्हणजे साडेसात, दहा नाही. दहाला पोचलात की पार्किंग भरलेलं आणि ऊनही चढलेलं, म्हणजे झोपही गेली आणि बागही गेली. साडेसातला झोपाळे रिकामे असतात. संध्याकाळी त्याच झोपाळ्याला सात-आठ पोरांची लाइन, पुढे कुणाचा तरी बाबा "शेवटचे पाच" म्हणत वीस झोके देतोय, आपलं पोर आपल्या बोटाला लोंबकळत टक लावून बघतंय आणि आपण उगाच मोबाइल चाळतोय. टॉयलेटही सकाळीच जाण्यासारखं असतं, जास्त काय सांगू.

सकाळचा त्रास म्हणजे दव. माझा लेक एकदा धावत जाऊन घसरगुंडीवर बसला, खाली आला तोवर चड्डी चिंब, आणि दहा मिनिटांत आम्ही परत घरी. तेव्हापासून बॅगेत एक जुना टॉवेल असतो, आधी घसरगुंडी पुसायची मग पोराला सोडायचं.

थंडीत मात्र मी पलटी मारते, विशेषतः बाग मोठ्या रस्त्याला लागून असेल तर. रात्रभर जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर त्यामानाने गरम हवेचं झाकण, मग गाड्यांचा धूर जाणार कुठे? ऊन तापलं की तो पसरतो. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर हिवाळ्यात दुपारी चारला जा, ऊनही हवंहवंसं वाटतं.

उन्हाळ्यात चारला जायचा विचारसुद्धा नको. ऊन बाराला डोक्यावर असलं तरी हवा जास्त तापते ती 2 ते 4च्या सुमारास, आणि पत्र्याची घसरगुंडी, काळे रबरी मॅट त्यानंतरही चटका देतात. हाताची मागची बाजू टेकवून बघा, पाच सेकंद ठेवता आली नाही तर पोराला बसवू नका.

मोठी पोरं असतील तर संध्याकाळ, त्यांना खेळायला टीम लागते आणि सकाळी रिकाम्या बागेत ती दहा मिनिटांत कंटाळतात. आजी-आजोबा सोबत असतील तर परत सकाळ, कारण संध्याकाळी बाकं मिळत नाहीत आणि चालायच्या ट्रॅकवर सायकलवाली पोरं पायात येतात.

संध्याकाळी गेलातच तर आत शिरतानाच ठरवा की चुकामूक झाली तर अमुक गेटपाशी भेटायचं. एवढे फोन एकाच टॉवरवर असले की ऐनवेळी कॉल लागत नाही, हे मी रडकुंडीला येऊन शिकलेय. आणि बंद व्हायची शिट्टी वाजायच्या वीस मिनिटं आधी निघा, नाहीतर पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत पोर मागच्या सीटवर झोपलेलं असतं.

डासांचं म्हणाल तर त्यात दोन्ही वेळा सारख्याच. डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो, तोही जास्त करून सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. फुल पँट घाला.