.२२ आणि .१७ रिमफायर काडतुसे: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ५०० नगांच्या मोठ्या खोक्यातले शेवटचे काडतूस मी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, सारले, चाप ओढला आणि 'टक्' एवढाच आवाज झाला. नळी निशाणाकडेच धरून नियमाप्रमाणे तीस सेकंद थांबलो, बोल्ट उघडला आणि काडतूस हातात घेऊन पाहिले. पितळी कडेवर फायरिंग पिनचा, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या खिळीचा, ठसा खोल आणि स्वच्छ उमटला होता, पण गोळी होती तिथेच होती. त्या खोक्यातले हे सत्ताविसावे फुसके काडतूस होते. हा अनुभव लिहून काढण्याचे मी त्याच दिवशी ठरवले.

सीझेड कंपनीची ४५७ ही रायफल मी गेल्या जूनमध्ये घेतली. नळी आणि मॅगझीन बदलले की एकाच रायफलीतून .२२ एलआर (लाँग रायफल), .२२ मॅग्नम आणि .१७ एचएमआर अशी तिन्ही काडतुसे (.२२ आणि .१७ हे गोळीचे इंचातले अंदाजे व्यास) चालवता येतात, म्हणून तिन्ही नळ्या जमवल्या. पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीच्या शिबिरात आम्हाला .२२ च्या पाच गोळ्या मिळत, आणि त्या झाडून झाल्या की उस्ताद पाचही रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेत. ती मोजण्याची सवय मला इथे ओहायोतही सुटलेली नाही. किती काडतुसे नेली, किती उडाली, किती पुंगळ्या परत आणल्या, हे सारे वहीत लिहिलेले असते, म्हणूनच सत्तावीस हा आकडा मी खात्रीने सांगू शकतो.

खोक्यांवरचे आकडे बहुतेकांना ठाऊक असतात, तरी मी ते मेट्रिकमध्ये बदलून शेजारी शेजारी मांडले तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले. सीसीआय कंपनीच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साध्या वेगाच्या) .२२ एलआर काडतुसात ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३२६ मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा सुमारे १३८ ज्यूल भरते. त्याच कंपनीच्या मिनी-मॅग या हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाच्या) काडतुसाची तेवढ्याच वजनाची गोळी ३७६ मीटर वेगाने निघते आणि १८३ ज्यूलपर्यंत जाते. मॅक्सी-मॅग या .२२ मॅग्नममधली ४० ग्रेनची गोळी ५७० मीटरच्या आसपास निघते, म्हणजे ४२० ज्यूलच्या थोडे वर. .१७ एचएमआरची गोळी जेमतेम १७ ग्रेनची, पण वेग ७७७ मीटर, त्यामुळे ३३२ ज्यूल. स्टिंगर या आणखी वेगवान काडतुसाचे आकडेही मोहात पाडणारे आहेत, पण त्याची पुंगळी नेहमीच्या .२२ एलआरपेक्षा लांब असते आणि माझ्या नळीचे चेंबर मॅच (स्पर्धेच्या) पद्धतीचे, तंग मापाचे आहे. त्यामुळे ते मी एकदाही वापरलेले नाही.

या सगळ्या शक्तीला एक मर्यादा आहे आणि ती पुंगळीच्या कडेतच आहे. रिमफायर काडतुसात पेट देणारा स्फोटक मसाला त्या दुमडलेल्या कडेच्या आत भरलेला असतो आणि फायरिंग पिनने कड चेपली तरच तो पेटतो. कड चेपली जायची तर पितळ पातळ हवे, आणि पितळ पातळ असले की आतला दाब फार वाढवता येत नाही. म्हणून १८८७ सालच्या .२२ एलआरसाठी आणि १९५९ सालच्या .२२ मॅग्नमसाठी अमेरिकेत दाबाची कमाल मर्यादा एकच, २४,००० पाउंड प्रति चौरस इंच इतकी आहे, आणि २००२ साली आलेल्या .१७ एचएमआरसाठी ती २६,००० आहे. मॅग्नमची जास्तीची ताकद येते ती मोठ्या पुंगळीतून आणि जास्त दारूतून.

जून-जुलैमध्ये माझे मत साधे होते. स्वस्त मोठ्या खोक्यातले हाय व्हेलॉसिटी काडतूस मला सव्वासात सेंटला पडत होते आणि स्टँडर्ड व्हेलॉसिटी दहा सेंटला. कमी पैशांत जास्त ज्यूल मिळत असताना हळू गोळीसाठी जास्त पैसे का मोजावेत, हे मला कळत नव्हते. 'मोठे खोकेच घ्यावे' असे मी त्या वेळी वहीत स्पष्ट लिहून ठेवले आहे.

ते मत ऑक्टोबरमध्ये बदलले. क्लबमधल्या एका सभासदाने आपला क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, दोन दिवसांसाठी दिला. स्वस्त खोक्यातल्या वीस गोळ्यांमध्ये सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीत सेकंदाला जवळजवळ ३० मीटरचा फरक निघाला. स्टँडर्ड व्हेलॉसिटीत तो ११ मीटर होता. हा फरक कागदावर कसा दिसतो हे सांगायला हवे. ५० मीटर अंतरावर .२२ ची गोळी नळीच्या सरळ रेषेपासून साधारण बारा सेंटिमीटर खाली येते आणि वेगात १० मीटरचा फरक पडला की ती सात-आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. ऑलिंपिकच्या ५० मीटर निशाणावर एका वर्तुळाची रुंदी ८ मिलिमीटर असते. म्हणजे हात जराही न हलता, श्वास बिनचूक रोखूनही, केवळ काडतुसामुळे दहाच्या जागी नऊ गुण मिळू शकतात. १०० यार्डांवर तर माझ्या स्वस्त गोळ्यांची छिद्रे एकाखाली एक, बोटभर लांबीच्या उभ्या रांगेत पडत होती आणि मी महिनाभर स्वतःच्या श्वासाला दोष देत होतो.

वाऱ्याचा धडा याहून मोठा ठरला. वेगवान गोळी हवेत कमी वेळ राहते, म्हणून वारा तिला कमी ढकलत असेल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात रेंजवरचा झेंडा आडवा फडकत असताना १०० यार्डांवर हाय व्हेलॉसिटीच्या गोळ्या स्टँडर्डपेक्षा जास्त सरकल्या. त्याचे कारण असे की गोळी किती सरकते, हे ती हवेत किती वेळ राहिली यावर ठरत नाही, तर हवेच्या विरोधामुळे तिचा किती वेळ वाया गेला यावर ठरते. आवाजाच्या वेगापलीकडे हा विरोध एकदम वाढतो. ३७६ मीटरने निघालेली गोळी तो वेग पहिल्या काही डझन मीटरमध्येच झपाट्याने गमावते, आवाजाच्या वेगाखाली उतरताना डगमगते आणि तेवढ्यात वाऱ्याला आपले काम करायला वाव मिळतो. त्यामुळे खोक्यावर छापलेल्या जास्तीच्या ४५ ज्यूलचा मला निशाणावर काहीच लाभ झाला नाही.

थंडीने यात आणखी एक भर घातली. हवा जितकी गार, तितका तिच्यातला आवाजाचा वेग कमी होतो. उणे पाच अंशांवर तो सेकंदाला ३२८ मीटरच्या आसपास असतो. जानेवारीत मी स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे खोके जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवत असे. एके सकाळी कानांवर मफ असूनही फरक जाणवला: पाच-सहा गोळ्या नेहमीप्रमाणे मऊ आवाजात जायच्या आणि मधेच एखादी चाबूक ओढल्यासारखी कडाडायची. ३२६ मीटरच्या आगेमागे निघणाऱ्या गोळ्यांपैकी काही त्या गार हवेत आवाजाची मर्यादा ओलांडत होत्या. त्या दिवशीचा ग्रुप, म्हणजे निशाणावरच्या छिद्रांचा पुंजका, ऑक्टोबरमधल्या ग्रुपच्या दीडपट पसरला. एसके कंपनीचे स्टँडर्ड प्लस हे .२२ एलआर काडतूस सोळा सेंटला मिळते आणि त्यात हा त्रास मला कमी जाणवला, पण रोजच्या सरावाला तो दर मला परवडत नाही.

मॅग्नमविषयी थोडक्यात सांगतो. ताकद खरी आहे, लोखंडी पाटी दणक्याने हलते, पण एका गोळीला तीस सेंट देऊन ५० यार्डांवर दहा सेंटच्या गोळीपेक्षा मोठा ग्रुप मिळत असेल, तर कागदावर नेम धरणाऱ्याने ते का घ्यावे? ती नळी मी विकायला काढली आहे. .१७ एचएमआरने मात्र मला मनापासून आनंद दिला. हॉर्नाडी या काडतूस कंपनीच्या आकड्यांनुसार १७ ग्रेनची गोळी १०० यार्डांवर सुमारे १८५ ज्यूल राखून असते, म्हणजे मिनी-मॅगची गोळी नळीच्या तोंडाशी जेवढी ऊर्जा घेऊन निघते, तेवढी हिच्याकडे शंभर यार्ड गेल्यानंतरही उरते. वाराही तिला .२२ एलआरपेक्षा कमी हलवतो. सोयाबीनच्या शेतात बिळे करणाऱ्या ग्राउंडहॉग या कुरतडणाऱ्या प्राण्यासाठी इकडचे शेतकरी ती का वापरतात, हे शंभर यार्डांवरचा नाण्याएवढा ग्रुप पाहिल्यावर समजले. दर मात्र हिचाही तीस सेंट आहे, म्हणून महिन्याला एक खोके, पन्नास गोळ्या, एवढीच मुभा मी स्वतःला दिली आहे.

आता पुन्हा त्या सत्तावीस काडतुसांकडे येतो. रायफलीत दोष नव्हता, कारण त्याच नळीतून, त्याच पिनने, इतर दोन प्रकारची सहाशेहून अधिक .२२ एलआर काडतुसे उडाली आणि त्यांत एकही फुसके निघाले नाही. त्या सत्तावीसपैकी एकोणीस काडतुसे थोडी फिरवून पुन्हा भरल्यावर उडाली. मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता, पिन जिथे पडली नेमकी तिथेच तो नव्हता, असाच याचा अर्थ होतो. दुकानदाराने काडतुसे परत घेतली जात नाहीत म्हणून सांगितले. कंपनीने लॉट क्रमांक, म्हणजे एकत्र बनलेल्या तुकडीचा क्रमांक, मागितला. तो खोक्याच्या झाकणावर छापलेला होता, आणि झाकण मी पहिल्याच दिवशी फाडून टाकले होते. फुसकी काडतुसे पुरावा म्हणून पाठवावीत तर टपालाने काडतुसे पाठवायला बंदी. पाच आठवड्यांत सात ईमेल झाले आणि शेवटचे उत्तर नकाराचेच आले.

सत्तावीस काडतुसांची किंमत दोन डॉलरही होत नाही, हे मला मान्य आहे. पण ५०० मागे सत्तावीस म्हणजे शंभराला पाचांहून अधिक. वेळ लावून दहा गोळ्या झाडायच्या मालिकेत एक जरी फुसके निघाले तरी तीस सेकंद थांबणे, बोल्ट उघडणे आणि पुन्हा श्वास जुळवणे यांत पुढच्या तीन गोळ्या बिघडतात. पहिल्या फटक्यात उडालेल्या गोळ्यांवर हिशेब केला तर सव्वासात सेंटचे काडतूस साडेसातांच्याही वर जाते, आणि बिघडलेल्या मालिका त्यात धरल्या तर दहा सेंटचे काडतूस मला स्वस्त वाटते.

दुसऱ्यांदाही न उडालेली आठ काडतुसे क्लबच्या फुसक्या काडतुसांच्या डब्यात जमा केली. गेल्या आठवड्यात स्टँडर्ड व्हेलॉसिटीची दहा खोकी एकाच लॉटमधली मिळवली, दहाही झाकणे कापून वहीत चिकटवली आणि रविवारी पहिले खोके संपवले. काडतुसे पन्नास, पुंगळ्या पन्नास.