वर्गातले मतदानाचे रिमोट : जुलै ते मार्च वापरल्यानंतर

आधी निकालच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना सगळं वाचत बसायला नको. वर्ग ऐंशी-शंभर मुलांचा असेल आणि अभ्यासक्रमातला थोडा भाग फळ्यावर न शिकवता मुलांवर सोडायची तुमची तयारी असेल, तर प्रश्नाला बटण दाबून उत्तर देण्याचे हे रिमोट घ्या. वर्ग पंचवीस-तीसचा असेल तर नका घेऊ. तेवढ्या मुलांच्या चेहऱ्यांवरूनच समजलं की नाही ते कळतं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. एफवायचा, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचा वर्ग भरगच्च असतो. निम्मी मुलं एसटीच्या पासवर खेड्यांतून येतात, काही जण सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांतून शिकून आलेले. ‘समजलं का?’ विचारलं की शंभर माना एकदम हलतात आणि परीक्षेत त्यातल्या किती खऱ्या होत्या ते कळतं. गेल्या जुलैत कॉलेजने रिमोटचा संच घेतला, नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) फायलीसाठी फोटो काढून झाले, आणि त्यानंतर तो वापरणारा कोणी उरला नाही म्हणून माझ्याकडे आला.

वस्तू साधी आहे. एटीएम कार्डाएवढं, थोडं जाड यंत्र, वर रबरी बटणं. लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखा रिसीव्हर लावायचा, प्रश्न पडद्यावर टाकायचा, मुलं बटण दाबतात, मत पोचलं की रिमोटवर हिरवा दिवा लागतो. कोणी काय दाबलं ते शेजाऱ्याला कळत नाही. लॅपटॉपवर स्तंभांचा आलेख तयार होतो. जुन्या पिढीतली यंत्रं इन्फ्रारेडवर चालायची, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखा नेम धरावा लागायचा. आताची रेडिओ लहरींवर चालतात, त्यामुळे शेवटच्या बाकावरचा खांबाआड बसलेला मुलगाही सुटत नाही. मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘ईव्हीएम’ ठेवलं. ‘सर, व्हीव्हीपॅट कुठंय?’ हा विनोद आठवडाभर पुरला.

आता खरी गोष्ट. पहिल्या सत्रात न्यूटनचा तिसरा नियम झाला. क्रियेइतकीच उलट दिशेने प्रतिक्रिया, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ. मी प्रश्न टाकला : रावेरहून केळी भरून निघालेला ट्रक आणि समोरून येणारी मोटरसायकल यांची टक्कर झाली, टक्करीच्या क्षणी कोणावर जास्त बल लागेल? ए, ट्रकवर. बी, मोटरसायकलवर. सी, दोघांवर सारखंच. डी, वेगावर अवलंबून. एक मिनिट दिला. बीचा स्तंभ ताडासारखा वर गेला, सी बुटका, डीला बरीच मतं. आलेख मी मुलांना दाखवला नाही. ‘शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा,’ एवढंच म्हणालो.

पुढची तीन-चार मिनिटं वर्गात आठवडी बाजार भरला. मी बाकांमधून फिरत होतो. एरवी ‘यस सर’च्या पुढे न जाणारा एक मुलगा शेजाऱ्याला अहिराणीत सांगत होता, ‘अरे भो, दोन्हीस्ले धक्का सारखाच बसस. पन फटफटी हलकी शे, म्हनीसन ती उडी जास.’ शेजारी ऐकेना. ‘मंग ट्रकले काहीच कसं होत नाही?’ यावर पहिल्याने वहीवर एफ बरोबर एमए (बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण) लिहिलं, एफ दोन्हीकडे तेच ठेवलं आणि एमच्या जागी एकदा मोठा आकडा घातला, एकदा छोटा. बल तेच, वस्तुमान कमी, म्हणून त्वरण जास्त. वर्षानुवर्षं मी हेच फळ्यावर लिहीत आलोय. पण ‘ट्रकले काहीच कसं होत नाही’ हा खरा अडलेला प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. दुसऱ्यांदा मत घेतलं, सी वर आला. सगळे नाही आले, काही जण बीवर ठाम राहिले, पण आता त्यांना आपण कशासाठी भांडतोय हे माहीत होतं.

ही पद्धत माझी नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून ती रुळवली. प्रश्न, एकट्याने मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असली तर चर्चेला रंग चढतो. त्याहून कमी असतील तर मुलांकडे वाद घालायला भांडवलच नसतं, परत शिकवावं लागतं. जास्त असतील तर पुढे चला. हुशार मूल सांगतं आणि बाकीचे माना डोलावतात, एवढंच होत असेल अशी शंका मलाही होती. ‘सायन्स’ नियतकालिकात २००९ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या जेनेटिक्सच्या वर्गांवरचा अभ्यास आला होता. त्यात गटातल्या कोणालाच सुरुवातीला उत्तर येत नसलं, तरी चर्चेनंतर तशाच दुसऱ्या प्रश्नावर मुलांची कामगिरी सुधारलेली दिसली. माझ्या मागच्या बाकांवर मला हेच दिसतं. दोघांना अर्धं-अर्धं येत असतं.

आलेखाबद्दल एक सूचना. तो दुसऱ्या मतानंतरच दाखवा. आधी दाखवला की चर्चा संपते आणि मुलं उंच स्तंभाच्या मागे जातात. ‘जिकडे गर्दी तिकडे आपण’ हे आपल्याकडे निवडणुकीतही चालतं, वर्गात का नाही चालणार?

माझ्या संचातल्या रिमोटला पाच बटणं आहेत. पाचवं मी ‘माहीत नाही’साठी राखून ठेवलंय. मुलं त्याला ‘नोटा’ म्हणतात. सुरुवातीला कोणी दाबेना, सगळे तुक्के मारत. गुण नाहीत आणि नाव कळत नाही हे पटल्यावर नोटाचा स्तंभ वाढायला लागला आणि मला तो सगळ्यांत उपयोगी वाटतो. चुकलेल्या उत्तराइतकंच कोऱ्या उत्तराला महत्त्व आहे, आणि हात वर करायला लावलं की कोरं उत्तर कधीच मिळत नाही.

प्रश्नाची भाषा हा वेगळाच विषय. आमचा अभ्यासक्रम इंग्रजीत, मुलं बारावीपर्यंत बहुतांश मराठी माध्यमाची. एकदा घर्षणावरच्या प्रश्नात नोटा फार आला. तोच प्रश्न खाली मराठीत टाकला तर निम्मा नोटा विरघळला. म्हणजे अडचण घर्षणाची नव्हती, वाक्याची होती. तेव्हापासून प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत असतो. हे निदान यंत्राने केलं, मी नाही, आणि त्यासाठी मी त्याचे पैसे वसूल धरतो.

दुसऱ्या सत्रात विजेवर आलो. ६० वॅटचा आणि १०० वॅटचा बल्ब एकसरीत (सिरीजमध्ये, एकामागे एक) जोडला तर कोणता जास्त उजळेल? जवळजवळ सगळा वर्ग १०० वर. चर्चेनंतरही फारसा हलला नाही. मग टेबलावर फळी ठेवली, दोन होल्डर, दोन बल्ब. (पिवळे बल्ब आता सहज मिळत नाहीत, एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर सापडले. एलईडीवर हा प्रयोग करू नका.) बटण दाबलं. ६०चा बऱ्यापैकी पेटला, १००चा जेमतेम लालसर. वर्गातून जो ‘आँ?’ निघाला तो मत दिल्यामुळे निघाला. पैज लावलेली असल्याशिवाय माणूस असा चकित होत नाही. २३० व्होल्टवर ६० वॅटच्या तापलेल्या बल्बचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे ८८२ ओहम, १००च्याचा ५२९. प्रवाह दोघांतून तोच, म्हणून जास्त रोधात जास्त शक्ती. हे गणित मुलांनी नंतर स्वतःच केलं.

आता त्रास. शंभर रिमोट वाटणं आणि गोळा करणं यात तासाचा चांगलाच वेळ जातो. त्यावर आमच्या प्रयोगशाळा सहायक भाऊंनी तोडगा काढला : दारामागे चपला ठेवायला लावतात तसली कप्प्यांची कापडी झोळी शिंप्याकडून शिवून घेतली, कप्प्यावर रोल नंबर. येताना घ्यायचा, जाताना टाकायचा. रिकामा कप्पा लगेच दिसतो. रिमोट सेलवर चालतात, दोन-दोन सीआर२०३२ लागतात, आणि हाच सेल कॉम्प्युटरच्या मदरबोर्डमध्येही बसतो. शेजारचा विभाग ‘एकच द्या ना’ म्हणत येतो. खोका कुलपात ठेवा. मधल्या सुट्टीनंतर शेव खाल्लेल्या हातांनी बटणं चिकट होतात. ओला फडका पुरतो.

वीज गेली तरी काम अडत नाही, कारण लॅपटॉप बॅटरीवर आणि रिमोट सेलवर. फक्त पडदा जातो. तेव्हा प्रश्न फळ्यावर लिहितो. मार्चच्या दुपारी पंखे बंद पडलेल्या वर्गात शंभर मुलांना जागं ठेवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. सॉफ्टवेअरचं मात्र कौतुक नाही. एका अपडेटनंतर पॉवरपॉइंटमधली त्याची पट्टीच गायब झाली. ऐन सत्रात रिसीव्हर बिघडला, पुरवठादाराकडे कुरिअरने पाठवला, ‘आज निघतो, उद्या निघतो’ करत परत यायला महिना उलटला.

तो महिना मी पुठ्ठ्याची कार्डं वापरली, आणि इथे प्रामाणिक तुलना करायलाच हवी. प्लिकर्स नावाची सोय आहे. प्रत्येक मुलाला चौकोनी नक्षी छापलेलं कार्ड, ते चार बाजूंनी धरता येतं, वर जी बाजू ते उत्तर. शिक्षकाने मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की मतं मोजली जातात. मुलांकडे काहीही असायची गरज नाही. अडचण दोन : कार्डांचा सर्वांत मोठा संच ६३चा, म्हणजे माझा वर्ग दोन तुकड्यांत, आणि मागच्या बाकांवरची कार्डं कॅमेऱ्याला नीट दिसत नाहीत. शिकण्यात फरक पडला का? मला जाणवला नाही. नॅथॅनियल लॅसरी यांनी २००८ साली कार्डं आणि रिमोट यांची तुलना छापली, तिचाही निष्कर्ष हाच होता. खरं शिकवतात ते प्रश्न आणि दोन मतांमधली ती चार मिनिटं. रिमोट फक्त मोजणी वेगाने, गुपचूप आणि मोठ्या वर्गात करतो.

मोबाईलवरच्या मतदानाच्या अ‍ॅपबद्दल विचारणारे असतात. आमच्या हॉलमध्ये रेंज एका खिडकीपाशी येते, काहींचा डेटा दुपारपर्यंत संपलेला असतो, काही मुलींकडे स्वतःचा फोन नसतो. ज्याच्याकडे फोन आहे त्याचं मत, बाकीच्यांनी बघायचं, हे मला पटत नाही.

वरून एक फर्मान आलंच : रिमोटवरूनच हजेरी घ्या. दुसऱ्याच आठवड्यात एका पोराच्या हातात तीन रिमोट, अंगठे तालात. हजेरी आली की निनावीपणा जातो आणि नोटा मरतो. मी ते काम पुन्हा रजिस्टरवर नेलं.

घेणारच असाल तर रिसीव्हर दोन मागा, दुसरा आधी हातात आल्याशिवाय बिल पास करू नका. दाखवायला येणाऱ्या माणसाला स्टाफरूममध्ये नाही, तुमच्या सर्वांत मोठ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवून बटण दाबायला लावा. एका तासाला तीनच प्रश्न ठेवा. आणि खरेदीच्या आधीच्या सुट्टीत निदान एका प्रकरणाचे प्रश्न लिहून पाहा. चुकीचे पर्याय मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांतून उचला, आपल्या डोक्यातून काढलेले पर्याय कोणी निवडत नाही. माझा एक चांगला प्रश्न तयार व्हायला अजूनही एक संध्याकाळ जाते.