कोपरखैरण्याची ल्यूथरन मंडळी: एका तोलणाराचा अभिप्राय

पाचपैकी चार तारे. एक तारा भातापायी कापलाय, ते पुढं येईलच. मंडळी म्हणजे ख्रिस्ती लोकांची चर्चची संगत, आणि ल्यूथरन म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, त्याच्या पंथाची.

मी दाणा बाजारात तोलणार होतो. आधी मशीद बंदरला, मग बाजार खाडी ओलांडून वाशीला आला तसा मीही आलो. एकूण ३४ वर्षं काट्यासमोर उभा राहिलो. दानधर्माचं नाव काढलं की माझा हात खिशावर जातो तो खिसा दाबून धरायला. त्याला कारण आहे. एका पेढीवर शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली, तोलाई आणि त्याखाली ‘धर्मादाय’ अशी एक ओळ असायची. रक्कम किरकोळ, पण दिवसाला किती गाड्या खाली व्हायच्या ते मी स्वतः मोजलेलं. ते पैसे कुठल्या धर्माला गेले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून कुणी डबा पुढं केला की मी पहिलं विचारतो, हिशेब कुठं लावता?

तर गेल्या वर्षी आमच्या समोरच्या दारातल्या सिस्टरनं आमच्या हिच्या हातात असाच एक डबा ठेवला. सिस्टर रांचीकडची, खुंटीच्या पुढं तिचं गाव. इथं एका दवाखान्यात रात्रपाळी करते. दिवाळीला आमचा फराळ तिकडं जातो, नाताळात तिचा अरसा इकडं येतो. अरसा म्हणजे आपला अनारसाच, फक्त खसखस नाही. डबा दूध पावडरीचा, रिकामा. म्हणाली, “काकू, रोज भात लावताना एक मूठ तांदूळ यात टाकायचा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी मंडळीत घेऊन जाईन.” गावाकडं तिची आई असंच करते म्हणे, आजीही करायची.

मी मनात म्हटलं, झालं, धर्मादाय घरात शिरला.

पण ही हसायला लागली. “अहो, हा तर मुष्टिफंड!”

साताऱ्याकडच्या माणसाला हे सांगायला नको. कर्मवीर अण्णांनी वसतिगृहातल्या पोरांसाठी घरोघरच्या बायकांकडून असंच मूठ-मूठ धान्य गोळा केलं. माझी आजी जात्यावर बसली की पहिली मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. मी सातवीपर्यंत रयतच्या शाळेत शिकलो, म्हणजे कुणाच्या तरी आजीच्या मडक्यातलंच खाल्लं. अण्णांनी रयत शिक्षण संस्था काढली ४ ऑक्टोबर १९१९ला, कराड तालुक्यातल्या काले गावी. माझ्या गावाहून तासाभराची एसटी. हे मी सिस्टरला ऐकवलं तर ती म्हणाली, “काका, आमचंही १९१९च.” बर्लिनच्या गोस्नर नावाच्या पाळकानं, म्हणजे पाद्र्यानं, धाडलेले चार जर्मन १८४५ साली रांचीला पोचले, तिथून त्यांची मंडळी सुरू झाली. पहिलं महायुद्ध लागलं, सरकार इंग्रजांचं, त्यामुळं १९१५मध्ये जर्मन पाद्र्यांना हलवलं. मागं उरलेल्या तिथल्या उरांव-मुंडा आदिवासींनी १० जुलै १९१९ला जाहीर केलं की आता मंडळी आमची आम्ही चालवू. अण्णांच्या तीन महिने आधी. आमची ही त्या दिवसापासून डबा भरायला लागली, मला न विचारता.

पहिल्या महिन्याचा डबा पोचवायला मी मुद्दाम स्वतः गेलो. तांदळाचं पुढं काय होतं ते बघायचं होतं.

मंडळीची स्वतःची इमारत नाही. माथाड्यांच्या बैठ्या घरांवर आता दोन-तीन मजले चढलेत, तशातल्याच एकात पहिल्या मजल्यावर भाड्याचा हॉल आहे, खाली पिठाची गिरणी. ठाण्यात तलावपाळीजवळच्या चर्चसारखं आवार डोक्यात धरून याल तर गिरणीसमोरून दोनदा पुढं निघून जाल. खूण लक्षात ठेवा: जिन्याच्या तोंडाशी निळी पाटी, तिच्यावर पांढरा गुलाब, गुलाबात लाल बदाम, बदामात काळा क्रूस. मला ती हारवाल्याची पाटी वाटली होती. ती मार्टिन ल्यूथरची मुद्रा निघाली. उपासना हिंदीत, गाणी हिंदी आणि मधेच सादरी, म्हणजे झारखंडकडच्या बोलीतली, त्यात मृदंगासारखा मांदर वाजतो. मांदर ऐकायला तरी एकदा जावं. गिरणी रविवारीही चालू असते, त्यामुळं डोळे मिटून बसलं की पायाखालची फरशी थरथरते. तो दैवी अनुभव समजू नये.

आता भात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे डबे एका पिंपात रिकामे करायचे आणि त्यातलाच भात उपासनेनंतर सगळ्यांना वाढायचा, अशी पद्धत होती. उरलेला तांदूळ गरजू घरांना. मी पिंपात हात घातला आणि डोक्याला हात लावला. कोलम, इंद्रायणी, तुकडा बासमती, रेशनचा, आणि झारखंडची घरं खातात तो उसना, म्हणजे आपला उकडा. हे सगळं एकत्र! उकड्याला शिजायला वेळ लागतो. तो शिजेपर्यंत इंद्रायणीची खीर होते, आणि इंद्रायणीवर नजर ठेवून उतरवलं तर उकडा दाताखाली टचटचतो. वाढलेला भात तसाच होता. वर डाळ फर्मास, साग फर्मास, नाचणीची भाकरी (ते मडुआ म्हणतात) अगदी आमच्या पाटणची. पण भात? तिथंच तो तारा गेला. एवढ्या लोकांनी रोज आठवणीनं टाकलेली मूठ, आणि शेवटी पानात लगदा. मला वाईट वाटलं आणि मी ते बोललो. बाजाराची सवय, आवाज मोठा. सगळी मंडळी गप्प. मंडळी म्हणजे त्यांची. आमची मंडळी घरी होती, नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

एक वयस्कर बाई हातातला डाव तसाच धरून म्हणाल्या, “तर मग भैया, तुम्हीच लावून द्या.”

अशानं मी स्वयंसेवक झालो. कुणी अर्ज भरून घेतला नाही, धर्म विचारला नाही, गळ्यात ओळखपत्र घातलं नाही. पुढच्या महिन्यात मी तीन पिंपं मांडली: उकडा, जुना कच्चा, नवा चिकट. घरचा काटा नेला. ३८ डबे आले, ४६ किलो २०० ग्रॅम भरले. आमच्या हिची मूठ ४५ ग्रॅमची, महिन्याचे एक किलो ३५० होतात. सिस्टरची मूठ लहान, पण ती दोनदा टाकते. सोंडे फक्त दोन डब्यांत निघाले. रेशनच्या तांदळात थोडे वेगळे, पिवळसर दाणे दिसतात. बायका ते प्लास्टिक म्हणून निवडून टाकत होत्या. ते लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले दाणे असतात, शंभराला एक या हिशेबानं मिसळलेले. ते टाकू नका, हे मी माइकवरून सांगितलं. चर्चच्या माइकवरून माझं पहिलं प्रवचन ते. आता भात एकाच जातीचा लावतात आणि बाकीच्या तांदळाच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या बांधतात. भात सुधारलाय. तारा मात्र मी परत देत नाही, मीठ अजून कमी असतं.

हिशेबाकडं वळतो, कारण मी गेलो होतो त्यासाठीच. उपासनेत अर्पणाची पिशवी फिरते. ती तिथल्या तिथं दोन जण मोजतात, दोघं एका घरातले चालत नाहीत. आकडा जिन्याजवळच्या फळ्यावर खडूनं लिहितात आणि तो पुढच्या रविवारपर्यंत पुसत नाहीत. नोटांची पेटी दोन कुलपांची, एक किल्ली खजिनदाराकडं, दुसरी भगिनी मंडळाकडं. मी पाळकांना विचारलं, ही अक्कल कुणाची? तर ते मला सोळाव्या शतकात घेऊन गेले. जर्मनीत लायस्निग नावाचं गाव आहे, तिथल्या लोकांनी १५२३ साली गावची सामाईक पेटी काढली आणि ल्यूथरनं तिच्या नियमांना प्रस्तावना लिहिली. पेटीतून अनाथ, म्हातारे, आजारी, अडलेले कारागीर यांना द्यायचं. दहा विश्वस्त निवडायचे: दोन सरदार, दोन नगरसभेचे, तीन शहरवासी, तीन शेतकरी. पेटीला चार कुलपं आणि चार वेगळ्या किल्ल्या, प्रत्येक गटाकडं एक. म्हणजे शेतकरी आला नाही तर सरदाराला पेटी उघडता यायची नाही. आमच्या बाजारात ही पद्धत कुणी आणली असती तर धर्मादायाची ओळ दुसऱ्या दिवशी गायब झाली असती.

अर्थात किल्ल्या जास्त झाल्या की काय होतं तेही बघितलं. उन्हाळ्यात भगिनी मंडळाची किल्ली पर्समध्ये घेऊन एक बाई हटियाच्या गाडीनं गावी गेल्या. पेटी तीन आठवडे बंद. डाळ-तेल घ्यायला पैसे नाहीत, पिशव्या नुसत्या तांदळाच्याच गेल्या. कुलूप तोडा म्हणून मी दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

आणखी एक खटका उडाला तो पाप-पुण्यावरून. मी लहानपणापासून आळंदीच्या वारीतला माणूस. दान केलं की पुण्य गाठीला, एवढं आम्हाला पाठ. पाळक म्हणाले, आमच्यात तसं नाही. तारण कृपेनं मिळतं, फुकट. कामानं कमावता येत नाही. मी म्हटलं, मग ४६ किलो तांदूळ कशाला? ते त्यांच्या हिंदीत जे बोलले त्याचा मतलब असा, की देवाला तुमच्या तांदळाची गरज नाही काका, शेजाऱ्याला आहे. उत्तर चलाख आहे. मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पुण्य नाही तर नाही, निदान बोनस तरी असावा असं माझ्यातल्या कामगाराला वाटतं.

तांदळाखेरीज मला आवडलेलं काम खारघरचं. तिथं टाटाचं कॅन्सर रुग्णालय आहे. झारखंड, बंगाल, बिहारकडून आलेली माणसं आसपास खोली घेऊन महिनोन्महिने राहतात. दर बुधवारी चौघं-पाच जण डबे घेऊन जातात. डबा निमित्त आहे. खरं काम भाषेचं. मुंडारी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला काउंटरवर काय विचारलं ते समजावायचं, कागद लावून द्यायचे, रांगेत त्याच्या जागी उभं राहायचं. मला मुंडारी येत नाही, म्हणून मी रांगेत उभा राहतो. त्यात मी पटाईत, ३४ वर्षं उभाच होतो. गेल्या बुधवारी एका आजोबांनी मला वर-खाली बघून विचारलं, तू कुठला उरांव? मी म्हटलं, पाटणचा.

सुगीची उपासना नोव्हेंबरात असते, ती चुकवू नका. घरचं, बाल्कनीतलं, गावाहून आलेलं काहीबाही लोक आणतात आणि लिलाव होतो. आमच्या गल्लीतल्या एका आगरी मावशींनी सुक्या वाकट्या दिल्या. त्या वासात पाळकांनी आशीर्वाद जरा लवकर उरकला. एक भोपळा १२० रुपयांना गेला. घेणाऱ्यानं तो परत टेबलावर ठेवला, पुन्हा बोली लागली, २००. त्यानंही परत ठेवला. असा पाच वेळा विकला गेला आणि शेवटी एका पोरीनं मिठी मारून घरी नेला. एकच माल पाचदा विकला म्हणून बाजारात परवाना गेला असता. इथं टाळ्या पडतात.

तक्रारी सांगतो. जिना अरुंद आणि कठडा हलतो. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच डबा द्यावा, पोरं येऊन घेऊन जातात. पंखे चार, चालतात तीन. सूचना फार लांबतात, एकच वाढदिवस तीनदा सांगतात. तरुण पोरं पिशव्या देताना घेणाऱ्याचे फोटो काढत होती. त्यावर भगिनी मंडळानं त्यांना असं झापलं की मोबाइल खिशात गेले, ते बरं झालं. देणगीदारांच्या नावाची फरशी लावायचा विषय मात्र दर बैठकीत निघतो आणि दर वेळी दोन तट पडतात. मी विरोधातल्या तटात. हॉल भाड्याचा, फरशी मालकाची, नावं कुणाची लावता? आयकरात सूट मिळेल अशी पावती इथं मिळत नाही, त्यासाठी जाणार असाल तर जाऊ नका.

उपासना रविवारी साडेनऊला, म्हणजे पावणेदहाला. ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्सहार्बरचा मेगाब्लॉक आदल्या रात्रीच बघून ठेवावा. स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते, ‘गिरणी’ म्हटलं की सोडतात. डबा झाकण घट्ट बसणारा आणा, तळाला तमालपत्र टाका, त्यानं सोंडे होत नाहीत म्हणतात. आणि उकडा असेल तर झाकणावर मोठा ‘उ’ लिहा. पेन नसेल तर मला हाक मारा, मी पिंपांपाशीच असतो.