माळ्याच्या बोर्डाखाली कुठला डिंक: पांढरा की पीयू?

२०१९च्या पुरात सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात जे उचलता आलं ते सगळं माळ्यावर गेलं. धान्याची पिंपं, शिलाई मशीन, गाद्या, शेवटी माणसंही. माळा रात्रभर कुरकुरत होता. पाणी माळ्यापर्यंत आलं नाही, पण खालच्या ओलीनं काम केलंच. महिन्याभरानं चिपबोर्डाच्या जोडाच्या कडा फुगून तळपायाला टोचायला लागल्या.

पुढे माळ्याची ती चिपबोर्डाची जमीन उचकटली, तेव्हा खरी गोष्ट कळली. आधीच्या मिस्त्रीनं तुळयांवर पांढऱ्या डिंकाची पट्टी ओढून वर खिळे मारले होते. अर्ध्याहून जास्त ठिकाणी ती पट्टी वरून गुळगुळीत, चकचकीत होती. बोर्डाचा भुसा तिला चिकटलेलाच नव्हता. बोर्ड तिला कधी टेकलाच नव्हता! वर्षानुवर्षं सुकून जुनी सागाची तुळई वाकडी झालेली असते. तिच्यात नि बोर्डात कुठे एक, कुठे तीन मिलिमीटर फट राहते. पाय पडला की बोर्ड खाली जातो, उचलला की वर येतो, आणि खिळ्याच्या अंगाला लाकूड घासतं. कुरकुर म्हणतात ती हीच. म्हणून डिंक निवडताना आधी फट मोजा, मग ओल बघा. किमतीचं शेवटी.

पांढरा डिंक, म्हणजे पीव्हीए, लाकडात पाणी मुरून सुकतो. दोन्ही अंगं घट्ट दाबलेली असतील तर त्याची पातळ फिल्म लाकडापेक्षा मजबूत धरते. फट भरणं मात्र त्याचं काम नाही. जाड थर दिला तर सुकताना आकसतो. साधा पांढरा ओलीत मऊ पडतो, म्हणून घ्यायचाच तर डब्यावर डी३ लिहिलेला घ्या. युरोपच्या मानकात डी१ ते डी४ अशा पाण्याला टिकण्याच्या पायऱ्या आहेत, त्यातली ही तिसरी: अधूनमधून लागणारं पाणी आणि दमट हवा तो सोसतो. बाकी हा माणसाळलेला डिंक. हात पाण्यानं धुतले की निघतो, चुकलं तर लगेच ओल्या फडक्यानं पुसता येतो, स्वस्तही आहे.

पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचा डिंक, त्याचा स्वभाव उलटा. तो हवेतली नि लाकडातली ओल घेऊनच घट्ट होतो, आणि त्यातला फेसाळणारा प्रकार होता होता फुगतो. दोन-तीन मिलिमीटरची वाकडीतिकडी फट तो स्वतः भरून काढतो, पाण्याला दाद देत नाही. पण फेस म्हणजे ताकद नव्हे. नाण्यांची चवड जाईल एवढी फट असेल तर आधी तुळईवर लाकडाची पट्टी मारून लेव्हल करा, डिंकावर सोडू नका. पावसाळ्यात तो पटपट धरतो, त्यामुळे एकदम चार तुळयांवर ओढून ठेवू नका. एका शीटपुरताच ओढा. आणि हातमोजे हवेतच. आमच्या मिस्त्रींनी “काय हुईत न्हाई ओ” म्हणत उघड्या हातानं काम केलं आणि आठवडाभर काळी बोटं घेऊन हिंडले. वाळलेला पीयू साबणानं जात नाही, कातडीबरोबरच जातो.

बंदुकीनं मारायच्या ट्यूबमधला कन्स्ट्रक्शन ॲडेसिव्ह या दोघांच्या मधे बसतो. दाट असतो, ओघळत नाही, लहानशी फट झाकतो. पण नाव एकच असलं तरी आतला माल वेगवेगळा असतो. पाण्याच्या आधाराचा ॲक्रेलिक प्रकार कोरड्या खोलीत ठीक, नदीकाठच्या घरात मी वापरणार नाही. सनमायकाचा पिवळा, उग्र वासाचा डिंक टेकला की जागेवरच धरतो, शीट सरकवता येत नाही; तो इथे नकोच. सिलिकॉन तर अजिबात नको. इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा डिंक, फाटलेली तुळई सांधायला राखून ठेवा, अख्खी जमीन त्यावर घालणं म्हणजे उधळपट्टी.

आम्ही शेवटी तुळयांवर पीयू आणि शीटच्या जोडांत डी३ पांढरा असं केलं. हिशेब सोपा आहे. १० बाय १२ची खोली, १६ इंचांवर तुळई, म्हणजे १० फुटी १० तुळया: १०० फूट, साधारण ३० मीटर. सहा मिलिमीटर जाडीची वात ओढली तर मीटरला २८ मिलिलिटर लागतो, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या तीन ट्यूबा. जिथे दोन शीट एकाच तुळईवर भेटतात तिथे दोन वाती लागतात, म्हणून चौथी हाताशी ठेवा. एवढ्यासाठी पांढऱ्यावर भागवण्यात मला तरी शहाणपणा दिसत नाही. पण तुमच्या तुळया नव्या, रंधून सपाट केलेल्या असतील आणि घर उंचावर, कोरडं असेल, तर डी३ पुरतो. पीयूचे पैसे तिथे वाया.

डिंक कुठलाही घ्या, तुळईवरचा चुना, काजळी, जुना ऑइलपेंट खरवडल्याशिवाय तो लाकडाला नाही, धुळीला चिकटतो. साग मुळातच तेलकट, म्हणून पॉलिशपेपर मारून थिनरचं फडकं फिरवा, थिनर उडून जाऊ द्या आणि लगेच डिंक ओढा. खिळे नकोत, स्क्रू हवेत. लांबी बोर्डाच्या जाडीच्या अडीचपट, म्हणजे १८ मिलिमीटरला ४५ ते ५० मिलिमीटर. डिंक ओला असतानाच आवळा. सपाट कडेच्या ८ बाय ४च्या शीटचा प्रत्येक जोड तुळईवर किंवा खालून मारलेल्या आडव्या पट्टीवर यायला हवा, आणि भिंतीकडून चहूबाजूंनी १० मिलिमीटर जागा सोडा.

खाली पंख्याची वायर जाते तेवढा एक तुकडा मात्र बिनडिंकाचा, नुसत्या स्क्रूवर ठेवा. पीयूवर बसलेलं शीट पुन्हा अख्खं निघत नाही, आणि वायरमन आला की पहिलं तेच उचलायला सांगतो.